सुरीशिवाय होडी चालत नाही, साहेब

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन
तसेच किनारपट्टीच्या सर्व जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी व मा. पोलीस आयुक्त

विषय: कलम ३७(१) खालच्या मनाई आदेशांतून मासेमारीची सुरी व कोयता वगळण्याबाबत

महोदय,

महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१) आमच्या बंदरावर आता शेंबड्या पोरालाही पाठ झालंय. पंधरवड्याचा एक आदेश संपतो न संपतो तोच दुसरा निघतो. मजकूर ठरलेला असतो: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या किंवा लाठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास मनाई. खाली सवलतीची एक ओळ असते. शासकीय सेवेतल्या ज्या माणसांना कर्तव्यासाठी हत्यार लागतं, त्यांना आदेश लागू नाही, अंत्ययात्रेलाही नाही. मेलेल्या माणसाला सूट आहे हे वाचून बरं वाटतं, पण जिता खलाशी त्या ओळीत कुठेच नाही.

आणि वेळ बघा. १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या पाण्यात जातात. गोपाळकाला, गणपती, ईद, नवरात्र हे सगळं त्याच दोन-तीन महिन्यांत येतं आणि बंदोबस्तासाठी मनाई आदेशही तेव्हाच निघतात. म्हणजे आमचा हंगाम जोरात असतो नेमका तेव्हाच आमच्या गोणीतली सुरी बेकायदा ठरते. निवडणूक लागली तर विचारूच नका.

मी नाखवा आहे, वकील नाही. पण स्वतःच्या खलाशाला सोडवायला पोलीस ठाण्यात जावं लागलं की माणूस कायदा वाचायला शिकतो. वाचून जे कळलं ते आपल्यापुढे ठेवतो.

शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात शस्त्राची व्याख्या करतानाच सांगितलंय की निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रात मोडत नाहीत. २०१६ च्या शस्त्र नियमांत पुढचं माप दिलंय: पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ते पाचव्या वर्गातलं शस्त्र, मात्र घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं असेल तर नाही. आता आमचा कोयता घ्या. चार बोटं रुंदीचं पातं, पुढे वाकलेलं, मूठ लाकडाची. लांबीत एखाद्या वेळी वाचेल, रुंदीत कधीच वाचायचा नाही. सवलतीच्या यादीत शेती आहे, कारखाना आहे, प्रयोगशाळासुद्धा आहे. मासेमारी नाही. ज्याने ही यादी केली त्याने समुद्र पाहिलेला नसावा, किंवा पाहिला तो गेटवेच्या कठड्यावरून.

आता हा कोयता होडीवर करतो काय, ते सांगतो. कारण नाक्यावरच्या शिपायाला ते सांगायला गेलं की तो म्हणतो, मासे तर जाळ्यात येतात, कोयता कशाला?

जाळं सोडताना दोर होडीच्या कडेवरून सरसरत खाली जातो. त्याच्या वेटोळ्यात कुणाचा पाय सापडला तर त्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. मागे जाळ्याचं वजन असतं, खाली दहा-बारा वाव पाणी. त्या क्षणी तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या, हाताशी सुरी असेल आणि तो दोर कापील, तर माणूस वाचतो. म्हणून सुरी खणात कुलपात ठेवता येत नाही. ती सुकाणूशेजारी खोचलेली असते आणि तिला रोज धार लावलेली असते.

दुसरी गोष्ट होडीखालच्या, इंजिनाच्या पंख्याची. वाहून आलेल्या फाटक्या जाळ्याचा तुकडा पंख्यात गेला की तो दांड्याभोवती गुंडाळतो, घर्षणाने नायलॉन वितळतं आणि लाकडासारखं कडक होऊन बसतं. इंजिन बंद, होडी आडवी, लाट कडेवर. मग एक जण कमरेला दोर बांधून खाली उतरतो आणि बुडी मारमारून ते तासत बसतो. भाजी चिरायच्या चाकूने ते होत नाही. त्याला जाड पाठीचं, वजनदार पातंच लागतं.

तिसरी पाकट. जाळ्यात पाकट वर आली की पहिला घाव शेपटीवर. शेपटीवरचा तो काटा पायात घुसला तर जवान गडीही गडबडा लोळतो, आणि किनारा तर तीन-चार तासांवर. शिंगाळ्याचे काटे, मुशीचे दात, घोळ माशाचं बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, काढणं, हे सगळं त्याच एका-दोन पात्यांवर चालतं. बायका बाजारात मासे कापतात त्या कोयत्यांबद्दल तर मी अजून बोललोच नाही. पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यात टोपलीखाली कोयता घेऊन बसलेली कोळीण हाही, आदेश शब्दशः वाचला तर, गुन्हाच.

आता सरकारचीच एक योजना पाहा. कासव, देवमासा, व्हेल शार्क असे संरक्षित प्राणी जाळ्यात सापडले तर जाळं कापून त्यांना सोडून द्या, जाळ्याची भरपाई आम्ही देऊ, २५,००० रुपयांपर्यंत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये घेतला. चांगला निर्णय आहे. आमच्यापैकी कित्येकांनी महागडी जाळी कापून कासवं सोडलीत, त्याचे फोटो वन खात्याने कौतुकाने छापलेत. जाळं कापलं कशाने, हे मात्र कुणी विचारलं नाही. ज्या सुरीने कासव सोडवल्याबद्दल सरकार पैसे देतं, तीच सुरी धार लावायला गावात नेताना सापडली तर कलम ३७(१) सह १३५. म्हणजे न्यायालयाने वेगळी कारणं नोंदवली नाहीत तर किमान ४ महिने आणि १ वर्षापर्यंत कैद. शस्त्र अधिनियमाचं कलम ४, २५ जोडलं तर आणखी पुढे.

मी नुसतं कल्पनेतलं सांगत नाही. माझा एक खलाशी, पालघरकडचा आदिवासी पोरगा, पहाटे अंधारात बंदराकडे येत होता. गोणपाटात दोन सुऱ्या आणि एक कोयता, आदल्या दिवशी लोहाराकडे दिलेला. नाकाबंदीत अडवला. पोरगा आधीच अबोल, त्यातून अंगावर बॅटरीचा झोत. 'कोयता कशाला?' या प्रश्नाला त्याने 'नाखव्याचा' एवढंच उत्तर दिलं. ते कसं ऐकू आलं असेल याची कल्पना करा. मी पोचलो तेव्हा तो बाकावर गोणपाट मांडीवर घेऊन बसला होता. साहेब बरा माणूस होता. गुन्हा नोंदवला नाही, दुपारी सोडलं, चहाही पाजला. पण त्याने आदेशाची प्रत माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, नाखवा, यात तुमच्या माणसाला सोडायची ओळ मला दाखवा. ती ओळ नव्हतीच. त्या दिवसाची भरती गेली, होडी गाळात बसून राहिली, आणि पोरगा पुढे महिनाभर रिकाम्या हाताने यायचा. सुऱ्या आणायला मी स्वतः जायचो, कारण मला बघून पोलीस 'नमस्कार नाखवा' म्हणतात. कायदा पोटाकडे आणि कपड्यांकडे बघून बदलतो, ही माझी खरी तक्रार आहे. आदेशात ओळ असेल तर शिपायाला माणसाच्या तोंडाकडे बघून निर्णय घ्यावा लागणार नाही.

कोयत्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पुण्यात कोयते नाचवत दुकानं फोडणाऱ्या टोळक्यांनी काय दहशत घातली ते आम्हीही टीव्हीवर पाहिलं. २०२३ च्या सुरुवातीला तिथे कोयता विकत घ्यायला आधार कार्ड मागायला सुरुवात झाली, तेव्हा आमच्याकडे लोक हसले. मी हसलो नाही. विकणाऱ्याने नोंद ठेवली तर आमचं काही बिघडत नाही. उलट लोहाराची चिठ्ठी हातात असली तर नाक्यावर कामालाच येईल. आमच्यातही शहाणे कमी आणि शूर जास्त असे काही आहेत. कोयता हातात घेऊन रील टाकणारे आमच्याच वाड्यांत आहेत. पर्ससीनवाले, म्हणजे मोठं वेढ्याचं जाळं टाकणारे, आणि पारंपरिक जाळीवाले यांची समुद्रात जुंपली की कुणाच्या हातात काय असतं, हे तुम्हाला माहीत आहे आणि आम्हालाही. अशांना धरा. बारच्या दारात, पालखीत, मिरवणुकीत, मोर्च्यात कोयता सापडला तर तो मासेमारीचा होता असं सांगायला मी येणार नाही. पण बंदरापासून घरापर्यंतचा आणि घरापासून लोहारापर्यंतचा रस्ता ही काही मिरवणूक नव्हे.

शिकारीचंही एका वाक्यात सांगतो, कारण मच्छीमाराच्या सुरीचा विषय निघाला की कुणीतरी शिकाऱ्याची सुरी मध्ये आणतंच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. पीक नासवणाऱ्या रानडुकरासाठी रीतसर परवानगी काढणं वगैरे अपवाद सोडले तर या राज्यात हौशी शिकार हा प्रकार कायद्याने उरलेलाच नाही, तेव्हा शिकारीच्या चाकूला सवलत मागण्याचा प्रश्नच येत नाही. रात्री जीपमधून टॉर्च मारत हिंडणाऱ्यांचा आमच्याशी संबंध लावू नका.

मात्र त्याच अधिनियमाने आमची वेगळी पंचाईत केली आहे. त्यात 'शस्त्र' या सदरात बंदूक, दारूगोळा, धनुष्यबाण, विष, सापळे यांच्या रांगेतच गळ, सुरी आणि जाळं बसवलेलं आहे. आणि कलम ३१ सांगतं की वरिष्ठ वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायचं नाही. डोंगरातल्या अभयारण्याला हे ठीक आहे. पण मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतालचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथल्या गाबीत बांधवांच्या पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यावर जगल्या. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, १,६९० हेक्टरचं. त्याच्या काठाला कोळीवाडे आहेत आणि खाडीत आजही जाळी पडतात. या माणसांनी गळ, सुरी, जाळं घेऊन पाण्यात जायचं नाही तर काय टाळ-मृदुंग घेऊन जायचं? तोच कायदा कलम २६अ मध्ये म्हणतो की किनाऱ्याचं पाणी अभयारण्यात घेण्याआधी स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेचं रक्षण करणारे पुरेसे उपाय करा. मग त्या उपायांत लेखी परवानगीचा कागद प्रत्येक होडीला आपसूक मिळणं का बसू नये? ही मागणी वन खात्याकडे करायची आहे हे मला कळतं, पण सागरी पोलिसांची गस्ती बोट आणि वन खात्याची गस्ती बोट आमच्या होडीला एकाच बाजूने लागतात, म्हणून इथेच लिहितो.

'कायदा केंद्राचा आहे, आमचे हात बांधलेले आहेत' असं उत्तर मला आधी मिळालं आहे. त्यावर तीन गोष्टी.

मनाई आदेश केंद्राचा नाही. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा आयुक्तांच्या सहीने निघतो आणि त्यातली सवलतीची ओळही तिथेच टाइप होते. अंत्ययात्रा जशी घातली, तशी मासेमारीही घालता येते. त्याला विधेयक लागत नाही.

केंद्राने मनात आणलं की तेही सूट देतं. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि 'जम्मा' या तिथल्या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना बंदुकीच्या परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली. तिथे बंदूक. आम्ही मागतोय सुरी.

आणि एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांसाठी तो दिला हे खरं, आणि त्याने दिल्लीचा शस्त्र अधिनियम बदलत नाही हेही खरं. पण शेतकऱ्याने बांधावरून कमरेच्या आकडीला कोयता लावून चालत यावं आणि त्याला कुणी हटकू नये, आणि त्याच गावातल्या मच्छीमाराने मात्र तोच कोयता लपवत न्यावा, हे त्या निर्णयानंतर तरी शोभत नाही. राज्याने एका हाताने दिलेला दर्जा दुसऱ्या हाताने नाकाबंदीत काढून घेऊ नये.

माझा पुतण्या मर्चंट नेव्हीत आहे. तो सांगतो, ब्रिटनमध्ये सुरीचे नियम आपल्याहून कडक आहेत. तिथे १९८८ च्या कायद्याने सार्वजनिक जागी पातं बाळगायला बंदी आहे, घडीचा चाकू तेवढा चालतो, तोही पातं ३ इंचांच्या आत असेल तर. पण त्याच कलमात लिहिलंय की पातं कामासाठी जवळ होतं हे दाखवता आलं तर तो बचाव मान्य. दाखवायची जबाबदारी माणसावर, मला ते मान्य आहे. आमच्या खलाशाला मात्र दाखवायला दारच नाही. आपल्याकडेही जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतला बटणाच्या चाकूचा एक गुन्हा रद्द केला, कारण तिथली अधिसूचना विक्री वगैरेसाठी चाकू बाळगण्याबद्दल होती आणि आरोपपत्रात तसा आरोपच नव्हता. पातं कशासाठी जवळ होतं हा प्रश्न देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयात विचारला जातो, तर तो नाक्यावरही विचारता यायला हवा.

ओळख पटवायची अडचण नाही. २००८ मध्ये अतिरेक्यांनी 'कुबेर' नावाची मासेमारी नौका पळवून मुंबई गाठली, त्यानंतर आम्हाला बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली, होड्यांचे नंबर तपासले जाऊ लागले. समुद्रात संशयास्पद काही दिसलं तर कळवा, तुम्ही आमचे डोळे आणि कान आहात, असं सागर रक्षक दलाच्या बैठकीत दरवेळी सांगितलं जातं. आम्ही कळवतोही. ते कार्ड आमच्या खिशात असतं. नौकेचा मासेमारी परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे असतोच. त्या परवान्यावर, जिथे जाळ्याचा प्रकार आणि इंजिनाची ताकद लिहिता, तिथे 'सुरी व कोयता, नग इतके' अशी एक ओळ वाढवली की कागद पूर्ण झाला. नगांपेक्षा जास्त सापडले तर जाब विचारा.

आमच्या बाजूने अटी मान्य आहेत. जमिनीवर पातं उघडं नेणार नाही. गोणपाटात किंवा डब्यात, वरून दोरी बांधून. कार्ड बरोबर असेल. दारू प्यायलेल्या माणसाकडे पातं सापडलं तर सवलत रद्द, त्याच्या वतीने कुठलीही सोसायटी रदबदली करणार नाही. ही अट मी आमच्या बैठकीत मांडली तेव्हा दोघे-तिघे कुरकुरले. बाकीच्यांनी मान डोलावली, बायकांनी तर सगळ्यात आधी.

पुढच्या आदेशात 'अंत्ययात्रा' या शब्दानंतर घालण्यासाठी मजकूर लिहून देतो, म्हणजे आपल्या कार्यालयाला मसुद्याचा त्रास नको:

'तसेच मच्छीमार ओळखपत्र किंवा नौकेचा वैध मासेमारी परवाना जवळ असलेल्या व्यक्तीस, आणि मासे विकणाऱ्या किंवा कापणाऱ्या व्यक्तीस, मासेमारी, मासळी कापणे वा विकणे, अथवा अवजार दुरुस्ती व धार लावणे या कामासाठी, कामाच्या जागी किंवा तेथे जाता-येताना, झाकून नेलेली सुरी, कोयता, विळी व गळ यांस हा आदेश लागू राहणार नाही.'

यातला 'मासे विकणाऱ्या' हा भाग कृपया गाळू नका. बाजारात बसणाऱ्या बऱ्याच बायकांकडे मच्छीमार कार्ड नाही, कारण कार्ड देताना समुद्रात जाणाऱ्यांनाच मच्छीमार धरलं जातं.

गणपतीआधीचा आदेश निघण्यापूर्वी हे झालं तर हंगामाच्या सुरुवातीला उपयोग होईल. नंतर झालं तरी चालेल, पण मधल्या काळासाठी निदान किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्यांना एक परिपत्रक पाठवा. त्याची प्रत बंदरावरच्या फलकावर आम्ही स्वतः चिकटवू, मनाई आदेशाच्या शेजारीच.

आपला विश्वासू,
एक नाखवा